घड्याळ कधी सुरू केलंत?

डेलिगेट फी साडेचार हजार, आणि आमच्या कंपनीतून दरवेळी जाणारी नावं दोनच: मालक आणि वर्क्स मॅनेजर. मी लॅबमध्ये. स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र), मायक्रोस्कोप, सँड टेस्टिंग आणि रिजेक्शनच्या मीटिंगला बोलणी खाणं, हे माझं काम. त्यामुळे फौंड्रीवाल्यांची, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्यांची, देशपातळीवरची परिषद यंदा कोल्हापुरात भरणार म्हटल्यावर मला झालेला आनंद लांबूनचाच होता. मग एके दिवशी ग्रुपवर मेसेज पडला. स्वयंसेवक पाहिजेत, दोन दिवस, नाष्टा-जेवण-टीशर्ट मिळेल, फी नाही. मी पाच मिनिटांत नाव दिलं. मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "जा की. पण दोन दिवसांची रजा टाकून जा."

टाकली.

परिषदेला जायची एवढी घाई होती त्याला कारण होतं. आमच्याकडं एसजीचा एक ब्रॅकेट आहे, त्यानं सहा महिने माझी झोप उडवली होती. ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधं बीड ठिसूळ असतं, कारण त्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि तडा त्या पापुद्र्यांच्या कडेकडेनं सरळ धावतो. वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम गेलं की तेच ग्राफाइट गोळ्या होऊन बसतं, आणि मग बीड तुटायच्या आधी वाकायला लागतं. हेच एसजी. 'थोडं' म्हणजे धातूत शेवटी उरायला पाहिजे ०.०३५ ते ०.०५ टक्के. अडचण अशी की मॅग्नेशियम १०९० अंशांच्या आसपासच उकळतं आणि आमचं लोखंड असतं पंधराशेला. लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू न्यायच्या बादलीवजा भांड्याच्या, तळात मॅग्नेशियमचं अलॉय ठेवून वरून धातू ओतला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो, धूर होतो, आणि तिथून पुढं ते मॅग्नेशियम गुपचूप कमी होत जातं. याला फेडिंग म्हणतात. म्हणून ट्रीटमेंट, म्हणजे हे मॅग्नेशियम देणं, झाल्यापासून दहा-बारा मिनिटांत लॅडल रिकामा व्हायला पाहिजे.

आमचा होत होता. साडेनऊ मिनिटांत. रजिस्टरला लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. तरी प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या तीन-चार बॉक्सांतला, म्हणजे साच्यांतला, माल मायक्रोला, मायक्रोस्कोपखाली, नापास. फेटलिंगचे, म्हणजे ओतलेला माल साफ करणारे, मामा तर मायक्रोपर्यंत जायचेच नाहीत. कास्टिंग टांगून हातोडीचा एक टोला मारायचे. चांगलं एसजी घंटेसारखं वाजतं, बिघडलेलं थड्ड करतं. मामा ते थड्ड ऐकायचे, कास्टिंग बाजूला ढकलायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "ताई, ह्ये बी मुकं."

तर मला परिषदेत जाऊन कुणाला तरी हे विचारायचं होतं. एवढंच.

पहिली मीटिंग दीड महिना आधी, उद्यमनगरात, संध्याकाळी सातला. म्हणजे साडेसातला. दहा-बारा जाणती मंडळी आणि आम्ही वीसेक पोरं-पोरी, निम्मी इंजिनिअरिंग कॉलेजची. कोल्हापुरात कुठलीही मीटिंग आधी इतिहासात जाऊन येते. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं निघाली, ऑइल इंजिनांचे दिवस निघाले, शाहू महाराज तर निघणारच. एक काका म्हणाले, "आमच्या वडलांनी ह्याच गल्लीत कपोलाची भट्टी लावलीवती. वारं फिरलं की समोरच्यांची धुणी काळी व्हायची, मग भांडण." मला हे ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा पसरलेला हा धंदा अशाच गल्ल्यांतनं उठून गेलाय. पण साडेआठ वाजले तरी कामाचं काहीच ठरलं नव्हतं. मग शेवटच्या वीस मिनिटांत धडाधड समित्या पडल्या: स्वागत, नोंदणी, भोजन, वाहतूक, स्मरणिका, प्रदर्शन, तांत्रिक सत्रं.

आणि भेटवस्तू. वक्त्यांना कोल्हापुरी चपला द्यायच्या, असं कुणीतरी सुचवलं. टाळ्या पडल्या. मापाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. चौतीस वक्ते. त्यांत कंपन्यांचे डायरेक्टर, प्रोफेसर, नावाजलेले कन्सल्टंट. त्यांना मी मेसेज पाठवला, 'सर, कृपया आपल्या पायाचे माप कळवावे.' एकानं उलट विचारलं, सेफ्टी शूज कंपल्सरी आहेत का? एकानं बायकोला विचारून सांगतो म्हणून कळवलं आणि नंतर कळवलंच नाही. आणि एकानं पाय कागदावर ठेवून, शेजारी स्टीलची पट्टी लावून फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, '२६४ मिलिमीटर, श्रिंकेज अलाउन्स तुम्ही धरा.' धातू थंड होताना आकसतो म्हणून साच्याचा नमुना तेवढा मोठा करतात; हा माणूस नमुने करणाऱ्या पॅटर्नशॉपमधनं वर आलेला असणार, हे मी तिथंच ओळखलं.

परिषदेच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही टीशर्ट घालून हजर. ठिकाण हायवेला लागून. नोंदणीच्या टेबलावर साडेसहाशे बॅज इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं डब्यांत लावून ठेवले होते, आणि रात्री अकरापर्यंत बसून लावले म्हणून आमची कॉलर ताठ होती. ती साडेआठपर्यंत टिकली. कोइमतूरची बस आली आणि कळलं की तिकडची मंडळी वडिलांचं आद्याक्षर नावाच्या आधी लावतात. फॉर्म भरताना कुणी लावलं, कुणी नाही. एकाच माणसाचा बॅज एसमध्ये असेल, पीमध्ये असेल, किंवा ज्या गावातनं आला त्या गावाच्या अक्षरात. समोर चाळीस माणसांची रांग, मागून बेळगावची गाडी आलेली, राजकोटचे लोक रात्रभर प्रवास करून डोळे चोळत उभे. शेवटी कॉलेजच्या एका पोरानं सगळे डबे टेबलावर पालथे केले आणि म्हणाला, "साहेब, आपापला हुडका." दहा मिनिटांत रांग संपली. मी ती युक्ती कुठल्याही अहवालात लिहिणार नाही, पण लक्षात ठेवलीय.

नाष्ट्याला मिसळ. आमच्याकडं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस असतात आणि कट वेगळा मागून घ्यायचा असतो, हे पाहुण्यांना समजावायला भोजन समितीनं दोन पोरं खास उभी केली होती. बटाल्याहून आलेल्या एका सरदारजींनी तीन प्लेटा खाल्ल्या आणि घाम पुसत चौथीची चौकशी केली. राजकोटच्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बेन, यात थोडी साखर मिळेल?" दिली. पाहुणा आहे, काय करणार.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. साडेसहाशे माणसांत आम्ही बायका किती होतो ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असती, स्वयंसेवक सोडून. टीशर्ट घातलेली दिसली की लोक विचारायचे, "ताई, चहा कुठंय?" सांगायचे. एकानं बोलता बोलता विचारलं, कुठल्या कॉलेजला? म्हटलं, कॉलेज झालं, शिरोलीत लॅब बघते, एसजी आणि ग्रे (साधं बीड) दोन्ही. तर म्हणाला, "म्हणजे तुम्ही भट्टीजवळ जाता?" म्हटलं, नाही, भट्टी येते माझ्याकडं.

उद्घाटनाचं फार सांगत नाही. फेटेवाल्या मामांनी पाऊण तासात साठ फेटे बांधले, ते बघण्यासारखं होतं. एक हात डोक्यावर, एक हात हवेत, तोंडात टाचणी. समई एसीच्या झोतासमोर ठेवली होती, पाच मान्यवर आणि पाच काड्यापेट्या. मग भाषणं. अकराचं पहिलं सत्र बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. आणि माझं खरं काम तिथंच लागलं.

तांत्रिक समितीचे प्रमुख म्हणजे निवृत्त प्राध्यापक, धातुशास्त्र शिकवलेले. त्यांनी मला हॉलच्या पहिल्या रांगेत, स्टेजच्या बरोबर समोर, एका टेबलाशी बसवलं. टेबलावर स्टॉपवॉच, एक पिवळं कार्ड, एक लाल कार्ड, आणि दाबायची एक पितळी बेल, हॉटेलच्या काउंटरवर असते तसली. म्हणाले, "तू लॅबवाली, तुला घड्याळाची सवय आहे. वीस मिनिटं भाषण, पाच मिनिटं प्रश्न. पंधराव्याला पिवळं, अठराव्याला लाल, विसाव्याला बेल. बेल कुणासाठीही थांबवायची नाही. आधीच सत्तर मिनिटं गेलीत, ती ह्या दोन दिवसांत कापून काढायची आहेत."

आधी गंमत वाटली. पहिल्या वक्त्यानं पिवळ्या कार्डाकडं बघून हसून मान हलवली आणि आणखी बारा स्लाइड दाखवल्या. दुसऱ्यानं लाल कार्ड दिसू नये म्हणून अख्खं भाषण पडद्याकडं तोंड करून दिलं. बेल मारली की हॉलमध्ये मागच्या रांगा हसायच्या आणि वक्ता माझ्याकडं असा बघायचा की जणू मी त्याच्या पानातनं भाकरी उचलली. संध्याकाळपर्यंत माझं नाव 'बेलवाली' पडलं होतं. प्रदर्शनातल्या स्टॉलवर गेले तरी पोरं म्हणायची, "आवरा, बेलवाली आली."

आणि ऐकणं? घड्याळ सांभाळणारा माणूस भाषण ऐकत नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कान तिकडं, डोळे आकड्यांवर. प्रत्येक भाषणाचा पंधराव्या मिनिटापर्यंतचा भाग डोक्यात शिरला आणि पुढचा नुसता कानावरनं गेला. ग्रीन सँडवर, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूवर, एक गृहस्थ फार छान बोलले. परत येणारी वाळू गरम राहिली की मिक्सरमध्ये कितीही पाणी टाका, साच्यापर्यंत जाता जाता वरचा थर वाळतो आणि मग वाळू गळते, धातूत अडकते, म्हणजे इन्क्लुजन येतं. हे आमच्याकडं उन्हाळ्यात घडतं आणि आम्ही बेंटोनाइटवाल्याला (वाळू बांधणारी माती पुरवणाऱ्याला) फोन करून भांडतो. इंडक्शन भट्टीच्या विजेवर एक होतं. टनाला सहाशे युनिटांच्या आसपास जातात, त्यातली किती झाकण उघडं ठेवून आपण छपराला देतो, असा त्यांचा सवाल होता. हॉलमधले निम्मे मालक एकदम सरळ बसले. एक भाषण म्हणजे निव्वळ जाहिरात होती. तिथं मी विसाव्या मिनिटाची बेल एकोणिसाव्यालाच मारली. देव माफ करो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतरचं सत्र, म्हणजे सगळ्यात अवघड वेळ. आदल्या रात्री तांबडा-पांढरा, त्या दिवशी पुन्हा पुरणपोळी, हॉल अर्धा पेंगलेला. आणि विषय: 'एसजी आयर्नमधले दोष: ट्रीटमेंटपासून शेवटच्या साच्यापर्यंत.' मी कार्यक्रमपत्रिकेत पेननं गोल करून ठेवला होता. वक्ते पुण्याचे, सत्तरीचे, चाळीस वर्षं मेल्टिंगमध्ये घालवलेले. हेच ते २६४ मिलिमीटरवाले. आणि सत्राचे अध्यक्ष म्हणजे आमचेच मालक.

मालकांनी परिचय वाचायला घेतला. मी नाव उच्चारल्याबरोबर घड्याळ सुरू केलं. परिचय दोन पानी होता. मालकांनी तो पूर्ण वाचला, मधे स्वतःची एक आठवण सांगितली, मग 'वेळेअभावी' म्हणून आणखी एक. वक्ते माइकशी आले तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटं दहा सेकंद झाली होती.

सुरुवात त्यांनी गोष्टीनं केली. १९४८ साली अमेरिकेत फौंड्रीवाल्यांच्या अधिवेशनात हेन्टन मॉरो नावाच्या इंग्लिश संशोधकानं पेपर वाचला: बिडात सेरियम घातलं की ग्राफाइटच्या गोळ्या होतात. त्याचा पेपर झाल्यावर इंटरनॅशनल निकेल कंपनीनं तिथंच जाहीर केलं की आम्ही हेच मॅग्नेशियमनं करतो आहोत. त्यांच्या कीथ मिलिसला १९४३ मध्येच ते सापडलं होतं, कंपनीनं गुपचूप ठेवलेलं. "तेव्हा मंडळी," ते म्हणाले, "आपण ज्याच्यावर पोट भरतो ते मटेरियल जगाला कळलं ते अशाच एका हॉलमध्ये." पेंगलेले लोक जागे झाले. मीसुद्धा. एवढी जागी झाले की पिवळं कार्ड वीस सेकंद उशिरा दाखवलं.

लाल कार्ड आलं, बेल झाली, त्यांनी सभ्यपणे भाषण आवरलं. शेवटच्या सात-आठ स्लाइड राहिल्याच. प्रश्नांची पाच मिनिटं सुरू झाली. पहिला प्रश्नकर्ता प्रश्न न विचारता स्वतःच्या फौंड्रीबद्दल अडीच मिनिटं बोलला. हे सगळीकडं असंच असतं का माहीत नाही, आपल्याकडं असतं. मग बेळगावचा एक तरुण उठला आणि त्यानं विचारलं, "सर, लॅडल दहा मिनिटांच्या आत रिकामा होतो, तरी शेवटच्या मोल्डमध्ये नोड्युलॅरिटी पडते. का?"

नोड्युलॅरिटी म्हणजे ग्राफाइटच्या गोळ्या किती नीट झाल्या ते. माझ्या अंगावर काटा आला. माझाच प्रश्न, शब्दन् शब्द. सर थोडे पुढं झुकले, हसले, म्हणाले, "हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. उत्तर सोपं आहे. पहिल्यांदा तुम्ही मला हे सांगा की—"

घड्याळात पाच मिनिटं झाली. मालक स्टेजवरून माझ्याकडं बघत होते, प्राध्यापकसर दारातनं बघत होते. मी बेल मारली.

सर थांबले. माझ्याकडं बघून माइकवरच विचारलं, "घड्याळ कधी सुरू केलंत बाई?" मी उभी राहून म्हटलं, "सर, नाव घेतल्यावर." "मग माझी चार मिनिटं परिचयानं खाल्ली. मी माइकला हात लावल्यावर सुरू करायला पाहिजे होतं." हॉल हसला. मालकही हसले, मात्र जरा कमी. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं, बेळगावचा तरुण खाली बसला. मी घड्याळ शून्यावर आणलं आणि, आता सांगायला हरकत नाही, पुढचं अख्खं भाषण मला काय होतं तेसुद्धा आठवत नाही.

समारोपात चपला वाटल्या. माप चुकलेले पाच निघाले, त्यांतल्या दोघांनी आपसांत अदलाबदल केली, तिघांना दुकानातनं बदलून आणल्या. पुण्याच्या सरांनी बूट पिशवीत टाकून चपला तिथंच पायांत घातल्या.

संध्याकाळी वाहतूक समितीचा गोंधळ. स्टेशनला जाणारे दोन पाहुणे उजळाईवाडीला विमानतळावर जाऊन पोचले होते, आणि विमानतळवाला एक जण हॉलच्या पायरीवर फोन लावत बसलेला. सरांना महालक्ष्मीनं पुण्याला जायचं होतं, गाडी नाही. मी वडिलांची अल्टो घेऊन आले होते. म्हटलं, सर, मी सोडते.

"बेलवाली?" ते म्हणाले. "मग वेळेत पोचणार."

तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिक जाम. शनिवारची संध्याकाळ, गांधीनगरला खरेदीला आलेल्या गाड्या, ऊस भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन मधोमध. सरांनी चपला काढून पाय मोकळे केले. चावत होत्या. म्हटलं, आज रात्री तेल लावून ठेवा, चार दिवसांत पायाच्या होतील. मग माफी मागितली, आणि ट्रॅक्टर हलायच्या आत माझं सगळं दुखणं सांगून टाकलं. पाचशे किलोचा लॅडल, चौदा बॉक्स, साडेनऊ मिनिटं, शेवटचे चार मुके.

"फायनल मॅग्नेशियम कुठल्या सॅम्पलचं बघतेस?" ते एकदम 'अगं'वर आले होते.

"पोअरिंग सुरू व्हायच्या आधी लॅडलमधनं घेतो. ०.०४२, ०.०४४ येतं."

"म्हणजे पहिल्या बॉक्सचं. शेवटच्याचं?"

"ते घेत नाही सर."

"बरं. आणि घड्याळ कधी सुरू करता?"

मी गिअर बदलायला विसरले. मागच्यानं हॉर्न दिला.

"लॅडल मोनोरेलवर निघाला की."

"आणि रिॲक्शन?"

रिॲक्शन त्याच्या आधी. पांढरा उजेड पडतो, तो विझतो. मग स्लॅग, म्हणजे वर तरंगणारी मळी, काढायची, एकदा, आणि पावडर टाकून पुन्हा एकदा. मग टेम्परेचर डिप. मग स्पेक्ट्रोचं सॅम्पल, जे मीच घ्यायला लावते. मग लॅडल उचलणारा होईस्ट रिकामा नसला तर थांबायचं. आणि मग लॅडल निघाला की आमचा सुपरवायझर रजिस्टरला वेळ टाकतो, कारण रजिस्टरच्या छापील रकान्यात 'पोअरिंग सुरू' असं लिहिलंय. तो फॉर्मॅट माझ्या आधीच्या कुणी केला, त्याच्या आधीच्या कुणाचं बघून. मी चार वर्षं त्यात नुसते आकडे भरले.

"उजेड विझला की मॅग्नेशियमची गाडी सुटली," सर म्हणाले. "ती तुमच्या रकान्यासाठी थांबत नाही. तुमचा इनॉक्युलंटही तसाच विझत जातो, तो वेगळा हिशेब." इनॉक्युलंट म्हणजे गोळ्या भरपूर आणि नीट व्हाव्यात म्हणून धातूत टाकतो ती पूड. मग जरा वेळानं, कावळा नाका आला तेव्हा, हसून म्हणाले, "१९४८ ला तू बेल घेऊन बसली असतीस तर निकेलवाल्यांना बोलूच दिलं नसतंस."

प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं होती. त्यांनी खिशातनं न वापरलेलं जेवणाचं कूपन काढलं, 'शनिवार, रात्र, व्हेज', आणि त्याच्या पाठीवर उतरत जाणारी एक रेघ काढली. आडव्या रेघेवर मिनिटं, उभ्यावर मॅग्नेशियम. दहावर एक खूण, तेरावर एक. म्हणाले, शेवटच्या बॉक्सच्या वेळी लॅडलमध्ये उरलेल्या धातूचं सॅम्पल घे, आकडा तुझा तुलाच सांगेल. मेल्टमधलं सल्फरही बघ, ते जास्त असलं तर मॅग्नेशियम आधी त्याच्यावर खर्च होतं. आणि धारेत इनॉक्युलंट टाकायची सोय कर. गाडी लागली. चढताना चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

सोमवारी मी स्टॉपवॉच घेऊन भट्टीशी उभी राहिले. मेल्टिंगवाल्यांना वाटलं ऑडिट आहे, सगळ्यांनी हेल्मेटं घातली. उजेड विझला तशी कळ दाबली. लॅडल निघाला तेव्हा तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. शेवटचा बॉक्स भरला तेव्हा तेरा मिनिटं वीस सेकंद. सुपरवायझरनं नेहमीप्रमाणे रजिस्टरला लिहिलं, साडेनऊ. तळातल्या धातूचं सॅम्पल मी स्वतः नेऊन स्पेक्ट्रोवर जाळलं. ०.०२६.

त्याच आठवड्यात पाच लॅडल बघितले. आकडे इकडं-तिकडं झाले, गोष्ट तीच. मग मालकांना दाखवलं. त्यांना घड्याळाचा मुद्दा लगेच पटला, स्टेजवरचं आठवलं असणार. पण उपाय ऐकून कपाळाला आठ्या. लॅडलमध्ये पाचशेऐवजी साडेतीनशे किलो घ्यायचे, चौदाऐवजी दहा बॉक्स भरायचे. म्हणजे टॅपिंगच्या, भट्टीतनं धातू काढायच्या, खेपा वाढल्या, लॅडल तापवायचा गॅस वाढला, ट्रीटमेंट जास्त वेळा. "रिजेक्शन परवडलं म्हणायची पाळी," असं म्हणाले. मी हिशेब मांडून दाखवला तेव्हा महिनाभर करून बघ म्हणाले. स्लॅग दोनदाऐवजी एकदाच काढायची हे मेल्टिंगवाल्यांशी भांडून ठरवलं, आणि ते अजून निम्म्या वेळाच पाळतात. माझं स्पेक्ट्रोचं सॅम्पल आता लॅडल मोनोरेलवर असताना घेतो. त्यात हात भाजायची भीती आहे म्हणून लांब दांड्याची पळी करून घेतली. रजिस्टरला 'पोअरिंग सुरू'च्या आधी एक नवा रकाना हातानं आखलाय.

मुक्यांची संख्या कमी झालीय, हे मामाही कबूल करतात. पण जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या लॅडलला अजून दोन-दोन बॉक्स जातात. त्या वेळी दोन्ही भट्ट्या एकदम तयार होतात आणि मोनोरेलवर होईस्ट एकच, दुसऱ्या लॅडलला अडीच मिनिटं ताटकळावं लागतं. आणखी एका होईस्टचं कोटेशन गेल्या गुरुवारपासून मालकांच्या टेबलावर आहे. बेळगावच्या त्या तरुणाचा नंबर नोंदणीच्या यादीतनं काढून त्याला कूपनाचा फोटो पाठवला. त्याचा उलटा मेसेज आला, 'मॅडम, आमच्याकडं तर घड्याळच नाही, अंदाजानं दहा मिनिटं म्हणतात.'